मावशीकडे जायचा जनरेटर

मोटरहोमच्या पोटात कायमचा बसवता येईल असा जनरेटर स्वस्तात कुठे मिळेल, हे नागपुरात विचारायचं झालं तर आधी मोटरहोम म्हणजे काय ते सांगावं लागतं. गाडी असते, तिच्यात पलंग असतो, बेसिन असतं, छोटा एसी असतो. एवढं सांगून झालं की समोरचा विचारतो, "पण घर आहे ना तुमचं?" आहे. नंदनवनला आहे, वर गच्ची आहे. "मग गाडीत काहून राहता भाऊ?" इथपर्यंत येईस्तोवर त्याने मागवलेला चहा संपतो आणि जनरेटरचा विषय निघालेलाच नसतो. दिवाळीपासून डिसेंबरापर्यंत मी हे संभाषण इतक्या दुकानांत केलं, की शेवटी शेवटी आमचं खरंच घर आहे की नाही याची मलाच शंका यायला लागली.

गाडी आईसाठी होती. आईची फुप्फुसं गेल्या तीन वर्षांत कडक होत आली होती. खोलीच्या कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन बसवलं होतं. सिलिंडर नाही, हवेतूनच ऑक्सिजन काढणारं, लहान फ्रिजच्या उंचीचं, विजेवर चालणारं आणि सतत घुरघुरणारं. त्याची नळी आईच्या नाकात. नळी वीस फूट लांब, म्हणून आईचं जगही वीस फुटांचं: पलंग, संडास, रस्त्याकडची खिडकी आणि स्वयंपाकघराचं दार, जिथे उभं राहून ती माझ्या बायकोच्या फोडणीवर लक्ष ठेवायची. बुद्धाच्या मूर्तीपुढे ती रोज मेणबत्ती लावायची, तीही ऑक्सिजनमुळे बंद झाली. मूर्ती समोरच्या खोलीत गेली. "त्याईले तरी मोकळी हवा भेटली," आई म्हणाली.

तिची मोठी बहीण, माझी मावशी, गडचिरोलीकडे कुरखेड्याहून बरीच आत असलेल्या खेड्यात राहते. आईला तिनेच कडेवर घेऊन वाढवलं. मावशी न्हाणीत पडून तिचं कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून ती गाडीत बसू शकत नाही. म्हणजे जायचं तर आईनेच. रोज दुपारी चारला दोघींचा फोन असायचा आणि फोनवर त्या मुख्यतः भांडायच्या. दसऱ्याच्या सुमाराला आई डॉक्टरांना सरळ म्हणाली, "मले एकदा बाईकडं जाऊन येऊ द्या. चार दिवस. मंग काई मागत नाही." बाई म्हणजे तिची ही बहीण. डॉक्टर म्हणाले, न्यायचं असेल तर थंडीत न्या, उन्हाळ्याची वाट बघू नका. हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

ॲम्ब्युलन्सचा पर्याय मी लगेच मांडला. मी कारकून माणूस, तयार फॉर्म असेल तर आधी तोच भरतो. आईने नाही म्हटलं. "ॲम्ब्युलन्स दारात उभी राह्यली की बायका रडतच निघतात घरातून. बाईले वाटन मले आनूनच टाकलं. मी बसून जातो, अन् पायानं उतरतो." शिवाय ॲम्ब्युलन्स सोडून परत येणार, आणि त्या खेड्यात वाऱ्याने एखादी फांदी तारेवर पडली की लाइट जाते ती दुसऱ्या दिवशी येते. सिलिंडर न्यायचे तर चार दिवसांचे किती न्यायचे? म्हणून ठरलं ते असं: अशी गाडी करायची की जिच्यात मशीन चालेल, एसी चालेल, आई झोपेल, आणि जी चार दिवस मावशीच्या दारात खोलीसारखी उभी राहील. ठरवलं मीच. घरात कोणी विरोध केला नाही याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

शाळेच्या मुलांची ने-आण करणारी एक जुनी मिनीबस विकायला होती, ती घेतली. आमच्या ओळखीच्या सुताराला आयुष्यात फ्लॅटच येत असल्यामुळे त्याने गाडीतही फ्लॅटच केला. सनमायका, भिंतीतलं कपाट, ओट्याखाली सरकत्या ट्रॉल्या. बायको आत चढून सगळं बघून उतरली आणि म्हणाली, "अहो, सोळा वर्षं मी घरात ट्रॉल्या मागतेय." यावर मी म्हटलं की आता मुख्य काम फक्त जनरेटरचं उरलंय. फक्त.

इंटरनेटवर अमेरिकेतले जनरेटर दिसायचे. गाडीच्या खाली डब्यात बसणारे, आवाज न करणारे, आत बटण दाबलं की सुरू. त्यांची किंमत रुपयांत केली की आमच्या अख्ख्या गाडीपेक्षा जास्त यायची. इथल्या मोठ्या दुकानदाराने मला आपला सगळ्यात लहान सायलेंट सेट दाखवला. तो लग्नाच्या हॉलसाठी होता आणि त्याचं वजन आमच्या सुताराच्या फर्निचरला लाजवणारं होतं. मी म्हटलं, हा गाडीत कसा बसवायचा? तो म्हणाला, "असं करा, गाडी ह्याच्यावर बसवा." किराणा दुकानाबाहेर ठेवतात ते पेट्रोलचे छोटे सेट स्वस्त होते, पण ते उघड्यावर ठेवायचे, चालत्या गाडीत बंद डब्यात नाही, धूर आत आला तर माणूस झोपेतच जायचा. चाट विकणाऱ्या एका ट्रकवाल्याला विचारलं तर त्याचा सेट फूटपाथवर साखळीने बांधलेला होता. म्हणाला, धंदा एका जागी आहे साहेब, मला कुठं जायचंय.

आणि मला एक जनरेटर मिळाला होता. हे लिहायलाच हवं. नोव्हेंबरमध्ये, पुण्याच्या एका माणसाकडे, गाडीत बसवायलाच बनवलेला, लहान, बंद डब्याचा. त्याने फोनवर सगळं नीट समजावलं, चार आठवड्यांत पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, थोडं महाग वाटतंय. बायको म्हणाली, "घेऊन टाका ना." मी म्हटलं, अजून दोन-तीन ठिकाणी बघतो. परवडत नव्हता असं नाही. ओढाताण झाली असती, झाली असती. पण मला स्वस्तात मिळवायचा होता. पुढे चारचौघांत सांगता यावं की बघा, लोक लाखात घेतात तो आम्ही एवढ्यात आणला. ते सांगायचं वाक्यसुद्धा मी मनात तयार ठेवलं होतं.

डिसेंबरात मी कामठीला वरातीच्या दिवेवाल्याकडे गेलो. नवरदेवाच्या मागे गाड्यावर ढकलत नेतात तो जनरेटर ठेवणारा हा माणूस. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आपला सेट पैदल चालनारा आहे, तुमाले बसनारा पायजे," आणि मला भंगारवाल्या चाचांकडे पाठवलं. चाचा लष्कराच्या छावणीतून निघालेला जुना माल लिलावात घेऊन विकायचे. त्यांच्या गोदामात ताडपत्र्या, बादल्या, खाटा यांच्यामागे तो होता: हिरवा रंग, पांढरे आकडे, लोखंडी चौकट, खाली रबरी पाय.

"वायरलेस की गाडी में था साब," चाचा म्हणाले. "ये गाडी के अंदर ही पैदा हुआ है."

दुसऱ्या झटक्याला सुरू झाला. मला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी तोंड वाकडं करून बाहेर आलो. भाव पटला नाही असं दाखवून बसने परत आलो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जाऊन थोडा कमी करून घेतला. चाचांनी दिला कमी करून. म्हणाले, "आठ दिन सोचे आप, कुछ तो बनता है."

गाडीच्या मागे स्टेपनीची जागा कापून वेल्डरने लोखंडी डबा केला, जाळी लावली, धुराचा पाइप बाजूने बाहेर काढला. स्टेपनी टपावर गेली. संक्रांतीच्या दहाएक दिवस आधी सगळं जोडून झालं. मी आईजवळ गेलो आणि म्हटलं, झालं, आता निघू. आईने चार वाजायची वाट न बघता मावशीला फोन लावला.

आणि मग बाबा उठले.

बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात छत्तीस वर्षं होते. ऑपरेटर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी घरातला मिक्सर सुरू करताना ते एकदा मीटरकडे बघतात. जनरेटरच्या शोधात त्यांनी मला काही मदत केली नव्हती आणि काही अडवलंही नव्हतं. आता ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले, चष्मा पुसला आणि विचारलं, "ट्रायल कधी आहे?"

"कसली ट्रायल?"

"मशीन आनली म्हनजे मशीन झाली असं नाही होत गा. ट्रायल घ्या लागते. बहात्तर तास, फुल लोडवर. त्याच्याशिवाय आम्ही कोन्ती मशीन ताब्यात नाही घेतली."

"बाबा, हा गाडीतला सेट आहे. पॉवर स्टेशन नाही."

"तिकडं बंद पडली तर शहरातले पंखे बंद होत होते," बाबा म्हणाले. "इथं काय बंद होईन, सांग."

मी ट्रायलला हो म्हटलं. बहात्तर तास सलग शक्य नव्हतं, गल्लीत लोक राहतात. तेव्हा बाबांनी आपल्या नियमात जन्मात पहिल्यांदा सूट दिली: रोज आठ तास, असे नऊ दिवस. मात्र मध्ये एकदा जरी सेट बंद पडला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. फुल लोड म्हणजे ऑक्सिजनचं मशीन आणि एसी दोन्ही एकाच वेळी. मशीन आईच्या नाकाला, म्हणून त्याच्या जागी तेवढीच वीज खाणारं काही तरी लावायचं. बाबांनी हिशेब करून चार मोठे बल्ब काढले. तरी लोड थोडा कमी पडत होता, तेव्हा म्हणाले, त्यात अधूनमधून इस्त्री लावू.

पहिल्या दिवशी तीन तास गल्लीत चालवला. समोरचे गुरुजी फाटकाशी आले. "तुमच्या घरी लाइट आहे, आमच्या घरी लाइट आहे," ते शांतपणे म्हणाले, "मग हे काय सुरू आहे?" तो दिवस बाबांनी धरला नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही गाडी खरबी रोडकडच्या एका मोकळ्या प्लॉटवर नेऊ लागलो. सकाळी नऊला जायचं, पाचला परत. मी रजा टाकली. मावशीकडे जायला म्हणून साठवलेली जी रजा होती, तीच.

आठ तास काय करायचं? बाबा दर तासाला उठून आकडे वहीत लिहायचे: व्होल्टेज, तेल, आवाज. आवाजाच्या रकान्यात 'ठीक' किंवा 'किंचित'. इस्त्री चालूच ठेवायची आहे म्हटल्यावर बायकोने पहिल्या दोन दिवसांत घरातले सगळे कपडे पाठवून दिले. मी गाडीतल्या ओट्यावर इस्त्री करायचो. शर्ट संपले, मग चादरी, मग पडदे, मग आईच्या मावशीकडे न्यायच्या चार सुती साड्या. त्या साड्यांना त्या दीड महिन्यात मी इतक्या वेळा इस्त्री केली की त्यांच्या घड्या फाटायला आल्या. आईपासून दीड किलोमीटरवर बसून आम्ही दोघं आईच्या प्रवासाची तयारी करत होतो, आणि आई घरी खिडकीशी बसून पाच वाजायची वाट बघत होती.

"कितवा दिवस?" आम्ही दारात आलो की ती विचारायची.

"चौथा."

मग दुसऱ्या दिवशी चारला मावशीला: "चार झाले बाई, पाच राह्यले." पलीकडून मावशी काही तरी म्हणायची आणि आई हसायची. हसलं की खोकला यायचा, खोकला आला की बायको पाणी घेऊन धावायची.

पाचव्या दिवशी पेट्रोलची नळी गळाली. पहिल्यापासून. नळी कामठीहून आणली. मग दुसऱ्या फेरीच्या सातव्या दिवशी, दुपारी, एसीने दम घेतल्यासारखं केलं, बल्ब मंद झाले आणि सेट बंद पडला. बाबांनी वहीत वेळ लिहिली. मी इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हटलं, "बाबा, थंडी आहे. एसी लागतच नाही. नुसत्या मशीनपुरता हा सेट आरामात चालतो. उद्या सकाळी निघू."

"अन् तिकडं चारचे आठ दिवस झाले तर? ऊन वाढलं तर? तिले बंद गाडीत ठेवतं का?"

"आठ दिवस कशाला होतील?"

"मी सही नाही करत," बाबा म्हणाले.

त्यांच्याकडे सही मागितली कोणी होती? गाडी माझ्या नावावर, लायसन्स माझं, किल्ली माझ्या खिशात. मी दुसऱ्या दिवशी सकाळी आईला गाडीत बसवून सरळ निघू शकलो असतो. दुपारी जेवायला मावशीच्या अंगणात असतो. हे मी तेव्हाही ओळखून होतो. पण रात्री अंथरुणावर पडलो की मला आरमोरीच्या पुढचा रस्ता दिसायचा, दोन्हीकडे झाडं, फोनला रेंज नाही, मागे सेट बंद पडलेला आणि मशीनचा लाल दिवा लागलेला. सकाळी उठलो की वाटायचं, बाबा म्हणतात तर होऊन जाऊ दे ट्रायल. त्यांच्या हट्टाआड मला छान बसता येत होतं. घरात सगळ्यांना वाटत होतं की बाबा अडवून बसलेत, आणि मी तसं वाटू देत होतो.

आईला मात्र सगळं कळत असावं. एकदा तिने बाबांना ऐकू जाईल असं म्हटलं, "छत्तीस वर्सं दुनियेच्या मशीना पास केल्या या मानसानं. एक मलेच पास करून नाही राह्यला."

बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "अवं, दोनच दिवस राह्यले होते. सेटच ट्रिप झाला, बंद पडला, त्याले मी काय करू?"

"तुमी काईच नका करू. तेच त म्हनून राह्यली मी."

सेट कामठीला उघडून, झिजलेले भाग बदलून आणण्यात तीन आठवडे गेले आणि तिसरी फेरी फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू झाली. या वेळी काही बिघडलं नाही. आम्हीही सरावलो होतो. डबा, पाण्याची कॅन, सावलीसाठी चादर. उन्हात आता खरंच एसी लागत होता. प्लॉटच्या बाजूने जाणारे लोक हात करायला लागले होते. एका गृहस्थाने येऊन कपडे इस्त्रीला टाकायचा भाव विचारला. मी भाव सांगितला नाही, पण क्षणभर विचार केला, हे खरं.

नवव्या दिवशी पाच वाजता बाबांनी शेवटचे आकडे लिहिले, खाली सही केली आणि वही मला दिली. मला वाटलं ते काही तरी बोलतील. ते म्हणाले, "चांगली मशीन आनली गा तू." एवढं मोठं प्रमाणपत्र मला दहावीलाही मिळालं नव्हतं. परत येताना आम्ही अर्धा किलो संत्रा बर्फी घेतली.

घरी आलो तर आई पलंगावर आडवी होती आणि बायको तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती. सकाळपासून ताप. दुपारी बायको मला फोन करणार होती, पण आईने करू दिला नाही. म्हणाली, "त्याईचा नववा दिवस हाय आज. मधात बंद पडला त परत पयल्यापासून करतीन."

ताप छातीत उतरला. आठ दिवस दवाखान्यात काढले. आई परत आली, पण जुनं मशीन तिला पुरेना. दुप्पट ऑक्सिजन देणारं मोठं मशीन भाड्याने आणावं लागलं. ते आवाजही दुप्पट करायचं आणि वीजही जवळजवळ दुप्पट खायचं. ते घरात आल्यावर बाबा त्याच्या मागची पाटी वाकून वाचत बसले. मी समजलो. दुसऱ्या दिवशी आईला जुनं मशीन लावून बायको तिच्याजवळ बसली आणि आम्ही अर्ध्या तासापुरतं मोठं मशीन गाडीत चढवलं. मार्च लागला होता, पत्र्याला हात लावता येत नव्हता. सेट सुरू केला. मशीन लावलं, चाललं. एसी लावला, आणि काटा खाली आला, खाली आला, मशीनचा लाल दिवा लागला. एसी बंद केला की मशीन पुन्हा चालायचं. तीनदा केलं तसं. एसीशिवाय पाच मिनिटांतच माझा शर्ट पाठीला चिकटला होता. त्या गाडीत आईला पाच तास आणि मग चार दिवस ठेवायचं, हे बोलायचीही गरज नव्हती.

बाबा ओट्याला टेकून उभे होते. तिथूनच म्हणाले, "जानेवारीत लोड कमी होता."

मी हो म्हटलं.

"नुसतं मशीन घेऊन गेलो असतो तर झालं असतं."

मी म्हटलं, "बाबा, किल्ली माझ्याकडेच होती." त्यांना ते ऐकू गेलं की नाही कळलं नाही, कारण सेट अजून चालू होता.

त्या संध्याकाळी मी पुण्याच्या माणसाला फोन केला. त्याला मी आठवत होतो. मोठा सेट आहे का विचारलं. आहे म्हणाला, चार आठवडे लागतील. मी डॉक्टरांना विचारायला गेलो, तर त्यांनी मला सेटची माहिती पूर्ण सांगूही दिली, मध्ये तोडलं नाही, आणि मग म्हणाले, आता प्रवास नको. घरातल्या घरात आराम. मी विचारलं, पावसाळ्यानंतर? ते दुसऱ्या पेशंटची फाइल बघत होते.

आईला सांगायचं कसं, यावर आम्ही तिघांनी स्वयंपाकघरात बराच वेळ घातला. नवं मशीन मोठ्याने चालायचं, त्यामुळे तिला ऐकू जाणार नाही असा आमचा समज होता. दुपारी चारला तिने मला हाक मारली. "फोन लाव बाईले. आवाज मोठा कर. कानाशी नाही धरवत." मी लावला, पलंगावर तिच्या उशीशी ठेवला.

"बाई, मी नाही येत," आई म्हणाली. आता ती दोन-दोन शब्दांनी बोलायची.

"काहून वं? मशीन पास झाली म्हने ना."

"मशीन पास झाली. मी नापास झाली."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग मावशी म्हणाली, "बरं." आणि पुढे, "कंपौंड पाडलं होतं न आम्ही."

"कायचं कंपौंड?"

"आंगनाचं. फाटकातून तुही गाडी निंगत नोती. पोरगा म्हने, गाडी वसरीले लावू, म्हनजे मावशीले चाला नाही लागत. तं पाडली भित."

"कवा पाडली?"

"संक्रांतीच्या आंदी. तू नाही का म्हने, आता नऊच दिवस राह्यले."

आईने डोळे मिटले होते. मी फोन उचलायला हात पुढे केला, तर तिने मानेने नको म्हटलं.

"मंग?" आई म्हणाली.

"मंग काय. ढोरं घुसून राह्यले तवापासून. वांगे लावले होते, सारे खाल्ले."

"बांधून घे आता."

"हो, बांधून घेतो." मग मावशीने विचारलं, "किती रुंद होती वं गाडी?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, साडेसहा फूट. आईला ते मोठ्याने सांगायला दम पुरेना, म्हणून मीच फोनजवळ तोंड नेऊन सांगितलं.

"आम्ही नऊ पाडली," मावशी म्हणाली. "म्हटलं घासाले नको."

आईने विचारलं, वांगी कोणती होती, काटेरी का? मावशी सांगायला लागली, काटेरीच, बी कुठून आणलं, किती झाडं धरली होती, पहिल्यांदा कोणाची गाय आली. मध्येच केव्हातरी आईचा चेहरा भिंतीकडे वळला. तिला झोप लागली होती की ती नुसती पडून होती, सांगता येत नव्हतं. मावशीला इकडचं काही दिसत नव्हतं, ती त्या गाईमागून आलेल्या गोऱ्ह्याचं सांगत होती. मी पलंगाशी खाली बसलो आणि दर वाक्याला हूं, हूं करत राहिलो.